मगरिबनंतरचा सॅक्सोफोन

नव्या दातांनी ऊस सोडून सगळं खाता येईल, असं मस्कतला, रुवी भागातल्या डेंटिस्टने चंद्रहासला सांगितलं होतं. सॅक्सोफोनचं तो काही बोलला नाही आणि चंद्रहासने विचारलंही नाही. उत्तर नको असलं की माणूस डॉक्टरशी फार अदबीने वागतो.

दिवसा एसीचे सुटे भाग विकणारा चंद्रहास एके काळी संध्याकाळी मस्कतच्या एका हॉटेलच्या गच्चीवर सोल संगीत वाजवायचा. अमेरिकेतल्या काळ्या माणसांची व्यथा गिरगावच्या माणसाने फुंकावी आणि जर्मन पाहुण्यांनी ती कोळंबी खात ऐकावी, यात तेव्हा कुणालाच काही वावगं दिसलं नाही. ड्रमवर रत्नागिरीचा जहूर असायचा. समुद्रावरून वारा यायचा, डोंगर आधी गुलाबी आणि मग राखाडी व्हायचे, मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली की बँड थांबायचा. अजान संपली की जहूर तारांच्या ब्रशने हलकेच ठेका धरायचा आणि चंद्रहास जरासा उशिरा आत शिरायचा. तेवढ्या उशिरात पाहुण्यांचे काटे हवेत थबकायचे.

पुढे मॅनेजरने डीजे ठेवला. डीजे दमत नसे आणि जेवतही कमी. जहूर दूर इब्रा गावी मसाल्याच्या दुकानात गेला, ईद-दिवाळीच्या फोनपुरता उरला. सॅक्सोफोन कपाटावर गेला. दात त्यानंतर गेले.

यंदा वरच्या मजल्यावरच्या सलीलने गळ घातली. सलील टेलिकॉममधला इंजिनिअर. त्याने बेडरूमच्या भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंगची सोय केली होती, त्यामुळे घरच्यांना हॉलमध्ये चटईवर झोपावं लागे. “काका, एक अल्बम होऊन जाऊ दे.”

सुरुवातीचे काही आठवडे नव्या दातांतून नुसती हवा आली, कुकरची शिटी होण्याआधी येते तशी. मग सूर आला. स्वच्छ, गोल सूर. पण तो आपला, की दातांबरोबर लॅबमधून आलेला, हे चंद्रहासला कळेना. अल्बम निघाला तेव्हा त्याला एवढंच हवं होतं, की कुणीतरी खात्रीच्या माणसाने हे सांगावं.

स्वागत जोरदार झालं. मराठी मंडळाच्या ग्रुपवर पहिलं गाणं संपायच्या आत सगळ्या अल्बमला अंगठे आले. एकाने मात्र मन लावून ऐकलं असावं, कारण त्याने विचारलं, “चौथं गाणं मध्येच अडकतंय का हो?” पुण्याच्या एका समीक्षकाने लिहिलं, की चौथ्या रचनेतल्या प्रदीर्घ मौनातून कलावंताने वाळवंटाच्या शून्याशी संवाद साधला आहे. खरं तर त्या संध्याकाळी अजान झाली होती. गाद्यांमुळे ती माइकपर्यंत पोचली नाही, चंद्रहासपर्यंत पोचली. तो सवयीने थांबला, संपल्यावर पुन्हा सुरू झाला. “कापू का?” सलीलने विचारलं होतं. “राहू दे.”

“छानच आहे हो,” किशोरी म्हणाली. पण बायकोला त्याचा स्वभाव सोडून सगळंच छान वाटे.

जहूरलाही अल्बम पाठवला होता. त्याचं उत्तर आलं नाही.

बुधवारी इब्राला बायकांचा बाजार भरतो. किशोरीला तिथे जायचंच होतं, चंद्रहासला निमित्त हवं होतं. रजा टाकून त्याने गाडी काढली. रस्ताभर उन्हाची झिलई थरथरत होती. डोंगर जवळ यायचे आणि न बोलता मागे जायचे. पुरुषांना त्या बाजारात मज्जाव, म्हणून किशोरीला दारात सोडून तो दुकानाकडे वळला.

“यल्ला, आत ये मेल्या! दार अडवू नको, गिऱ्हाईक आहे.” जहूरची दाढी पार पांढरी झाली होती. तो एका ओमानी बाईंना लवंगा देत होता.

“ऐकलंस का?”

“नाही.”

“पाठवून महिना झाला, जहूर.”

“फोनवर मी वेलचीचे भाव ऐकतो. तू वाईट वाजवलं असतंस तर इतक्या लांबून मी खोटं कसं बोललो असतो? आता समोर आहेस. लाव.”

चंद्रहासने चौथं गाणं लावून फोन डब्यांवर ठेवला. दुकानात दालचिनीचा वास आणि दुपारची पेंग होती. सूर वर गेला, वळला आणि थांबला.

फाइल अडकली का, असं जहूरने विचारलं नाही. त्याने डोळे मिटले. “मगरिब,” तो हळूच म्हणाला.

दोघं उभे राहिले. दुकानाच्या छताखाली ती जुनी गच्ची येऊन बसल्यासारखं चंद्रहासला वाटलं, वाऱ्यासकट. मग जहूरची बोटं सुक्या लिंबांच्या डब्यावर ब्रशसारखी फिरू लागली. ठेका जमला. सूर शिरायची जागा आली, निघून गेली आणि मग जरासा उशिरा सॅक्सोफोन आत आला. बाईंचा लवंगांतला हात तिथेच थांबला.

“दात नवे आहेत,” जहूर डोळे न उघडता म्हणाला.

“हो.”

“उशीर तुझाच आहे.”

चंद्रहासने गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. लवंगा तोलायच्या राहिल्याच, आणि बाईंनीही त्या मागितल्या नाहीत.