परांचीवाल्याची उलटी कमान

त्या वेळच्या अख्ख्या बहारीनमध्ये इंग्लंडातल्या कॅथेड्रलची काळजी करणारा एकच माणूस होता, आणि तो अलिबागचा, घरी गणपती बसवणारा होता. माझ्याबरोबर तुबली गावच्या वर्कशॉपात होता, इमारतींना लोखंडी नळ्यांच्या परांच्या बांधायचा. एक इंग्रज साहेब मायदेशी जाताना एका कॅथेड्रलचं जाडजूड चित्रांचं पुस्तक टाकून गेला, ते यानं उचललं. इंग्रजी ना याला येत, ना मला. मग दर शुक्रवारी पुस्तक बगलेत मारून हा आमच्या घरी हजर. माझी बायको इस्पितळात नर्स. ती बोंबील तळता तळता वाचून सांगायची. मी जन्माचा वसईचा ख्रिस्ताव, पण चर्चला खांब किती हे कधी मोजलं नाही. याला त्या कॅथेड्रलचे खांब, खिडक्या, कुठल्या बिशपनं कुठली भिंत वाढवली, सगळं पाठ. बायको चिडवायची, "भावोजी, ते आमचं नव्हे, प्रोटेस्टंटांचं." हा म्हणायचा, "बांधलं तेव्हा तुमचंच होतं, वहिनी. मागाहून तिकडच्या राजानं पंथ फिरवला."

त्याचा जीव अडकला होता एका कमानीत. सहाशे वर्षांपूर्वी मधला मनोरा वजनानं खचायला लागला, तेव्हा गवंड्यांनी खाली एक सुलटी कमान घातली आणि तिच्या डोक्यावर दुसरी, चक्क उलटी. "उलटी कमान वजन पेलतेच कशी?" या काळजीत तो पुढ्यातलं जेवण थंड करायचा. रिफा गावात एका व्हिलाला परांची बांधताना तसलंच काहीतरी करून बसला. फोरमन खालून ओरडला, "खलास! खोल ते आधी!"

शेवटी चार वर्षं गावी न जाता रजा साठवली आणि कमान बघायला इंग्लंडला गेला. परतला तो बॅगेसकट आमच्या दारात.

"बघितली?" बायकोनं विचारलं.

"काय बघतो, वहिनी! पुढची अख्खी भिंत परांचीत. दुरुस्ती चाललेली. आणि बांधलेली कशी? क्लॅम्प ढिले! आवळायला वर चढलो, तर रखवालदारानं खाली उतरवला. दुपार त्या भांडणातच गेली."

"म्हणजे कमान बघायची राहिली?" तिचं तोंड एवढंसं झालं.

"बंद करायच्या आधी दहा मिनिटं मिळाली. पण कळली. उठा दोघं."

आम्हाला समोरासमोर उभं केलं, तळहाताला तळहात लावायला लावले. "आता रेला. पाय मागे. आणखी मागे." बायको हसत सुटली, तव्यावर बोंबील करपले. हा भोवती फिरून आम्हाला न्याहाळत होता. म्हणाला, "दोघंही पडायला निघालात ना? म्हणून उभे आहात."

यंदा बायको गेली. परांचीवाला तिच्या आधीच गेला. असता, तर त्याची गचांडी धरून विचारलं असतं, "मेल्या, मग मी पडलो कसा नाही?"