वाढलं

निर्णा गावच्या चंद्रभागाबाईच्या स्वयंपाकघरात एका शब्दाला बंदी होती. तो शब्द म्हणजे 'संपलं'. मीठ सरो, पीठ सरो, डब्याच्या तळाशी हात लागो, म्हणायचं 'वाढलं'. घरातली लक्ष्मी ऐकत असते आणि नको तो शब्द कानावर पडला की उठून जाते, असा तिचा पक्का समज. हे आपल्याकडं सगळ्याच बायका पाळतात म्हणा, पण चंद्रभागाबाईचं पाळणं जरा हातानं होतं. तिची एकुलती एक लेक कला सात वर्षांची असताना "आई, हळद संपली" म्हणाली, तेव्हा तिच्या गालावर पाचही बोटं उमटली होती. त्यानंतर कलाच्या तोंडी तो शब्द कधी आला नाही.

ही कला मादन हिप्परग्याला दिली. पहिलं बाळंतपण सासरच्यांनी तिथंच उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर, कारण पोरीसमोर कण्या आणि पाणचट वरण ठेवायचे आणि बाराव्या दिवशी तिला रानात धाडली. मूल सव्वा महिन्यात गेलं. सुईण म्हणाली, पोरीच्या अंगात रक्तच नाही, हिला आधी खाऊ घाला. दुसऱ्यांदा दिवस राहिल्याचं कळलं तेव्हा चंद्रभागाबाई गाडी जुंपवून गेली आणि व्याह्यांच्या दारात उभी राहून म्हणाली, "लेकीला न्यायला आले. न्हाई म्हनू नका."

मग ती स्वयंपाकघर भरायला लागली. माजघरात भिंतीला लागून तिनं नवी उतरंड रचली, मडक्यावर मडकं. तळाच्या मोठ्या मडक्यात मागल्या सालची ज्वारी, कारण जुनी ज्वारी बाळंतिणीला सोसते. तीत कडुलिंबाचा पाला. वर बाजरी. त्यावर मूग, राख चोळून ठेवलेले, कीड लागू नये म्हणून. मग कुळीथ, जवस, अळीव. डिंक आणि खारका तिनं हुमनाबादच्या बाजारातून आणल्या, जाताना चालत आणि येताना चालत. करडई घाण्यावर नेऊन समोर बसून तेल काढून घेतलं. एकच म्हैस, तिचं लोणी वाटीवाटीनं साठवून तूप कढवलं आणि गाडग्याच्या तोंडाला फडकं बांधलं. रोज पहाटे जात्यावर बसली की ती मनातल्या मनात बाळंतपणाचे दिवस मोजायची, कोणत्या दिवशी काय वाढायचं ते.

साल होतं शेचाळीसचं. निजामाच्या राज्यात लेव्ही चालू होती, म्हणजे पिकातला ठरीव वाटा सरकारनं सक्तीनं न्यायचा. अंकुशरावांनी, चंद्रभागाबाईच्या नवऱ्यानं, आपला वाटा कधीच घालून टाकला होता. उरलेली ज्वारी आषाढापर्यंतच पुरली. कणगी झाडून झाली तरी उतरंडीला नवरा-बायकोनं हात लावला नाही. उतरंडीबाहेर उरलेल्या कुळथाच्या घुगऱ्या आणि अंबाडीची भाजी खाऊन दोघं निजायची. कलाच्या गालांवर मात्र रंग यायला लागला होता.

एका तिन्हीसांजेला दारात गिरदावर, म्हणजे लेव्ही वसूल करणारा सरकारी अंमलदार, उभा राहिला. बरोबर दोन शिपाई आणि गावचा पटवारी किशनराव. अंकुशराव रानात होते. कला आठव्या महिन्याचं पोट सावरत खांबाला टेकून बसली होती.

"अम्मा, घर में ज्वार कितनी है?" गिरदावरानं विचारलं.

"ज्वारी वाढली, साहेब," चंद्रभागाबाई म्हणाली.

तिच्या लेखी ती खरंच बोलली होती; उतरंडीतली ज्वारी घरची नव्हे, बाळंतिणीची. पण साहेब हैदराबादेकडचा, मराठी कामापुरती शिकलेला. वाढणे म्हणजे बढना, एवढं त्याला चांगलं ठाऊक. "बढ गई? अच्छा," तो खूश होऊन म्हणाला, "तो जो बढ गई, वो निकालो."

चंद्रभागाबाई घाईनं पुढं झाली. "तसं न्हवं, साहेब. वाढली म्हंजे..." आणि ती थांबली. समोर पहिलं मूल गमावलेली गरोदर लेक, दिवेलागणीची वेळ, पाय उंबऱ्यावर. इथं उभं राहून तो शब्द कसा काढायचा? तिनं पटवाऱ्याकडं पाहिलं. "किशनराव, तुमी तरी सांगा की."

किशनरावाची आईसुद्धा जन्मभर 'वाढलं'च म्हणत आली होती. याच ओसरीवर बसून त्यानं पुरणपोळ्या हाणल्या होत्या. उर्दूत एक वाक्य बोलायला त्याची जीभ झडत नव्हती. पण त्यानं हातातल्या कागदाचं पान उलटलं आणि म्हणाला, "तुमी बोललाव, साहेबानं ऐकलं. मी मधी कोन?"

शिपाई आत शिरले. उतरंड सापडली आणि चंद्रभागाबाई खोटारडी ठरली नाही, एवढंच तिच्या पदरात पडलं. खरंच वाढलेलं होतं ना घरात. ज्वारी गेली, बाजरी गेली, मूग, कुळीथ गेले, पाठोपाठ जवस, अळीव, डिंक-खारकाही. तुपाचं गाडगंही एका शिपायानं काखोटीला मारलं. तुपावर लेव्ही कधीपासून, हे कुणी विचारलं नाही. भिंतीला मडकी तेवढी राहिली.

श्रावणात कला बाळंत झाली. मुलगा झाला. चंद्रभागाबाईनं शेजारच्या सिद्धव्वाकडून पायलीभर ज्वारी आणली, तीही अर्धी किडकी, आणि पातळ आंबिलीवर बाळंतपण सुरू झालं. म्हैस तेव्हा आटलेली. चौदाव्या दिवशी खुरपणीला निघताना तिनं विचारलं, "कले, दूध कसं हाय?"

कला खाली बघून म्हणाली, "वाढलं, आई."

चंद्रभागाबाईला इतका आनंद झाला की तिनं देवापुढं साखरेचे चार दाणे ठेवले. मडकी रिकामी केलीत तरी लेकीच्या अंगी दूध आलं, मेल्यांनो, असं ती पटवाऱ्याच्या दारावरून जाताना मोठ्यानं म्हणाली. दोन दिवस रानात तिचं खुरपं हलकं चाललं. पोर रडत नाही, निजून असतं, म्हणजे पोटभर पितं, असंही ती धरून चालली.

तिसऱ्या दिवशी सिद्धव्वानं बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं आणि तिच्या कानडीत सरळ म्हणाली, "हाल इल्ल, चंद्राक्का. दूध न्हाई पोरीला. लेकराला रडायला बी ताकद न्हाई." चंद्रभागाबाई गावभर शेळीच्या दुधासाठी धावली. वाटीभर मिळालंही. पण चमच्यानं घातलेलं दूध ओठांच्या कडेनं बाहेर येत राहिलं. सांजेला पोर गेलं.

पुढं वर्षभरानं कला माहेरी आली. स्वयंपाक करताना तिनं मिठाचं मडकं उपडं करून पाहिलं आणि सवयीनं म्हणाली, "आई, मीठ वाढलं."

"संपलं म्हन," चंद्रभागाबाई चुलीपुढून ओरडली. "आता हितं लक्ष्मी कोन ऱ्हायलीय ऐकायला? सरळ संपलं म्हनावं मानसानं."

कला रिकामं मडकं हातात धरून उभी होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "तवा बी मी तेच म्हनले व्हते, आई."