परवानगी नाकारलेली जाखडी

गणपतीच्या आधीच्या एका रविवारी, मुलुंडला आमच्या ग्राममंडळाच्या खोलीत बसून मी लॅपटॉपवर एक व्हिडिओ प्लेअर चालू केला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पदवीचा कागद हातात आला त्या दिवसाबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, पण अभिमानाने सांगावा असा दिवस विचाराल, तर मी हा रविवार सांगेन.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. मुंबईत राहणारी गावची तरुण मुलं गणपतीत गावी जाऊन जाखडी नाचतात आणि तिची तालीम या खोलीत होते. मध्ये गाणारा, मृदुंगवाला आणि झांजवाला बसतात. भोवती गोलात, एका पायात घुंगरू बांधून, बाकीचे नाचतात. माझ्या बाबांनी गावात चाळीसेक वर्षं मृदुंग वाजवला. गोलात सगळ्यांत पुढे नाचायचे ते त्यांचे थोरले भाऊ, माझे काका. काका वारल्यावर ही मुलं अडली, म्हणून मंडळाने बाबांना शिकवायला बोलावून घेतलं होतं.

भांडण शेवटच्या फेरीवरून झालं. बाबा म्हणाले, "शेवटाला मृदुंग थांबतो, झांज थांबते. नाचणाऱ्यांनी नुसत्या घुंगरांवर एक फेरी घ्यायची."

मंडळाचे सेक्रेटरी बाबांच्याच वयाचे, तीस वर्षं भांडुपला राहिलेले. ते म्हणाले, "बुवा, मृदुंग थांबला तर नाच पडेल हो! वय झालं आता. विसरायला होतं."

"न्हाय विसरलो."

"मग पाय कुठे वळतात तेवढं दाखवा पोरांना."

ते मात्र बाबांना दाखवता येईना. वाजवताना काय, थांबल्यावर काय, त्यांची नजर मृदुंगावर; पाय काकांचे. मुलं एकमेकांकडे बघून हसली. बाबांनी मृदुंगावर कापडी गवसणी चढवली आणि नाडी आवळून बांधली. तसं आवळून बांधण्याचा अर्थ मला ठाऊक होता. दुसऱ्या दिवशी ते गावी निघाले असते आणि पुन्हा मृदुंगाला हात लावला नसता.

तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, "थांबा ना. गावात एका वर्षी कुणीतरी शूटिंग केलं होतं. माझ्याकडे पेनड्राइव्हवर आहे."

खोलीतल्या टीव्हीवर ती फाइल चालेना. बाबा पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले, "माझ्या मुलाकडं द्या. तो कम्प्युटरमधला हाय."

मी कम्प्युटरमधला नाही. मी बी.ए. आहे आणि अंधेरीच्या एका ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळतो. लॅपटॉप ऑफिसने काढून टाकलेला. जुना म्हणून त्याच्यावर विंडोज चालत नाही, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याने त्याऐवजी फुकटातलं, हलकं लिनक्स टाकून दिलेलं. पण बाबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. मी बॅगेतून लॅपटॉप काढला.

त्यात आधीपासून असलेल्या प्लेअरने सांगितलं की हा व्हिडिओ वाचायला लागणारा भाग माझ्याकडे नाही. मग मोबाइलच्या नेटवर दुसरा प्लेअर शोधून इन्स्टॉल करायला घेतला. चहा आला, ग्लास रिकामे झाले, निळी पट्टी सरकत होती.

"काय ग्रॅज्युएट, होतंय का?" सेक्रेटरींनी विचारलं. "की गणपती विसर्जनालाच बघायचं?"

प्लेअर आला, उघडला. फाइल दिली तर म्हणे, उघडता येत नाही. मी सहकाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "काढून टाक ना यार, परत टाक." मी काढला, परत टाकला. पुन्हा तेच. अजून एकदा काढला, टाकला. तोवर मुलं पायातले घुंगरू सोडायला लागली होती.

"फाइलच खराब झाली असेल. जुनं शूटिंग आहे," कुणीतरी म्हणालं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. आपल्यामुळे मुलाची फजिती होते आहे असं त्यांना वाटत असावं. त्यांच्या त्या नजर टाळण्याने मी भानावर आलो.

तालुक्याच्या शाळेत आमचे इंग्रजीचे सर एक नियम पाळायला लावायचे. न कळलेला शब्द ओलांडून पुढे जायचं नाही. आधी वहीत उतरवायचा, मग अर्थ लावायचा. शहरातल्या मुलांइतकं भराभर वाचता येत नाही म्हणून मला पुढे या सवयीची लाज वाटायची. तरी छोटी वही खिशात असतेच. ती काढली आणि पडद्यावरची इंग्रजी सूचना अक्षर न अक्षर लिहून घेतली.

"आता निबंध लिहिणार का रे?" काकांचा मुलगा म्हणाला.

लिहिताना दिसलं ते तीनदा बघूनही दिसलं नव्हतं. फाइल खराब आहे असं सूचनेत कुठेच नव्हतं. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ होता, परवानगी नाकारली. कुणाला नाकारली? मला नाही, मी फाइलचं नाव बदलून बघितलं, ते बदललं. म्हणजे प्लेअरला. तो आत आला होता, पण पेनड्राइव्हकडे बघायची मुभा त्याला कुणी दिलीच नव्हती. काढून परत टाकला की तो दर वेळी नव्याने, तसाच बिनमुभेचा येत होता.

प्लेअरच्या माहितीत परवानग्यांची यादी सापडली. बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसमोरचं बटण बंद होतं. मी ते चालू केलं.

पडद्यावर आमचं अंगण उमटलं. मध्ये बाबा, केस काळे, मान खाली. गोलात पुढे काका. सगळे लॅपटॉपभोवती दाटीने बसले. बाबांना मी अगदी पुढे बसवलं. गाणं चढत गेलं, मृदुंग चढत गेला आणि एकाएकी आवाज बंद. काका एक पाय उचलून तसेच. मागचे सगळे तसेच.

"हँग झाला!" एक मुलगा ओरडला. "वाट लागली."

माझा हात कीबोर्डकडे गेला. बाबांनी तो मनगटाला धरला.

"हात लावू नको. मीच थांबलोय."

काकांचा पाय खाली आला. छन्. मग सगळ्यांचे पाय, एकदम. मृदुंग नाही, झांज नाही, नुसत्या घुंगरांवर अख्खा गोल फिरला आणि नाच पडला नाही. बाबा भावाच्या पायांकडे बघत होते. इतकी वर्षं त्याला ताल दिला, पण त्याचं हे वळण ते बहुधा पहिल्यांदाच बघत होते.

सेक्रेटरी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. मग म्हणाले, "परत लाव रे. डावा पाय की उजवा, ते बघू." आणि बाबांकडे वळून, "बुवा, काढा ती गवसणी."

बाबांनी नाडी सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. सोडता सोडता ते सेक्रेटरींना म्हणाले, "सांगितलं होतं ना, तो कम्प्युटरमधला हाय."

या वेळी मी मनातल्या मनातही दुरुस्ती केली नाही. मुलं पुन्हा घुंगरू बांधत होती. मी फिल्म शेवटच्या फेरीवर नेऊन ठेवली.