सुलहमावशी

सुलहमावशींना काही विचारलं की त्या आधी डोळे मिटून घ्यायच्या. इतका वेळ, की नवख्या माणसाला वाटावं, बाईंना डुलकी लागली. दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत हिवाळ्याच्या दुपारी बायका बागेत उन्हाला बसायच्या. कुणी संत्री सोलायचं, कुणी विणायचं, आणि त्या पिवळ्या सुस्तीत मावशींचे मिटलेले डोळे अगदी शोभून दिसायचे. बऱ्याच वेळानं त्या डोळे न उघडताच बोलायच्या, आणि ते नेमकं तुमच्याच प्रश्नाचं उत्तर असायचं.

त्या कामगार खात्यात समेट अधिकारी होत्या. मालक आणि कामगारात तंटा झाला की दोघांना एका टेबलाशी बसवायचं आणि तडजोड होते का ते बघायचं, हे त्यांचं काम. समेटाला हिंदीत सुलह म्हणतात, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना ‘सुलहवाली मॅडम’ म्हणत. आम्ही मराठी घरांनी त्याचं सुलहमावशी करून टाकलं. निवृत्तीनंतरही सवय गेली नव्हती. पार्किंगवरून भांडणारे दोघे त्यांच्या दारात आले की म्हणायच्या, “अच्छा, आधी दोघं पाणी प्या. घोट गिळताना माणसाला ओरडता येत नाही.”

मी तेव्हा नोएडातल्या एका प्रकाशन कंपनीत मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. पोपट, हत्ती, जत्रेतला पाळणा. पदाचं नाव मात्र ‘क्रिएटिव्ह मॅनेजर’. एका मीटिंगमध्ये मी म्हटलं होतं, की मुलींना उशिरापर्यंत थांबवायचं असेल तर घरी सोडायला गाडी द्यायला हवी. काही आठवड्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. एचआरची बाई फार गोड आवाजात म्हणाली, “आप खुद रिझाइन कर दीजिए, सब क्लीन रहेगा. वरना हमें टर्मिनेट करना पडेगा, फिर कहीं और जॉब मिलना मुश्किल होगा.” राजीनामा टाइप करून तयारच होता. माझ्या हातात त्यांचंच पेन होतं. का कोण जाणे, मी ते टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, “कल बताती हूं.”

मेट्रोत बसले आणि माझं स्टेशन आलं नि गेलं. भानावर आले तेव्हा गाडी यमुनेच्या पुलावर होती. धुक्यात नदी दिसतच नव्हती. काठचे भाजीचे मळे तेवढे कुणी पाण्यात हिरवा रंग सोडावा तसे पसरले होते. वाटलं, ही गाडी अशीच जात राहिली तर बरं.

परतले तेव्हा बागेत मावशी एकट्याच होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. झाडावर एक तांबट बोलत होता, त्याची टुकटुक थांबली तरी मावशींचे डोळे मिटलेलेच.

“सही केलीस?” अखेर त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग तू अजून नोकरीत आहेस. जेवलीस का?”

त्यांच्या घरी वरणभात जेवताना त्या म्हणाल्या, “राजीनामा दिलास तर तू आपणहून सोडलंस असं होतं. त्यांना काढायचं असेल तर त्यांनी काढावं. कारण सांगावं, तुझं म्हणणं ऐकून घ्यावं. हे काम त्यांचं आहे बेटा, ते तू का करतेस?”

“पण मावशी, मी मॅनेजर आहे. कायदा कामगारांसाठी असतो ना?”

“किती जणांची रजा मंजूर करतेस?”

“कुणाचीच नाही.”

“मग दिवसभर काय करतेस?”

“चित्रं काढते.”

“तेच सांगायचं. पदाचं नाव बघत नाहीत, प्रत्यक्ष काम बघतात. ते वाद घालतील, बिल्कुल घालतील. घालू देत.”

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला कामावर गेले. मावशी शाल पांघरून सोबत आल्या. माझ्या कार्डानं फाटक उघडेना. रोज नमस्ते करणारा गार्ड मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, ऊपर से ऑर्डर है.” मावशींनी मला तिथेच उभ्या उभ्या फोनवरून मेल लिहायला लावली : मी कामावर आले आहे, मला आत सोडत नाहीत, कारण लेखी कळवा. मावशी तोवर गार्डला त्याच्या गावी मोहरी फुलली का ते विचारत होत्या. 

परतताना रिक्षात त्या एकदम म्हणाल्या, “आमच्या ह्यांनी सही केली होती.” लग्नानंतर थोड्याच काळात फरिदाबादच्या एका कारखान्यानं यजमानांना असंच काढलं होतं. ते घरी काहीच बोलले नाहीत. रोज डबा घेऊन निघायचे आणि हिंदूराव इस्पितळाजवळच्या रिजवर, त्या टेकडीवरच्या जंगलात, झाडांखाली बसून राहायचे. “एकदा डब्याच्या पिशवीत वाळकी पानं सापडली, तेव्हा मला कळलं. मी विचारलं, ‘तुम्ही का विचारलं नाहीत, मला का काढताय म्हणून?’ तर म्हणाले, ‘असं विचारता येतं?’” मावशींनी शाल सारखी केली. “मग मी कामगार खात्याची परीक्षा दिली. म्हटलं, हे लोकांना कुणीतरी सांगायला हवं.”

कंपनीनं मला काढल्याचं कळवलं. कारण लिहिलं, असमाधानकारक काम. आम्ही कामगार कार्यालयात अर्ज केला. पुढे बऱ्याच तारखा पडल्या. कधी कंपनीचं माणूसच यायचं नाही, कधी साहेब दौऱ्यावर. मी रडकुंडीला यायची, मावशी बाकावर ऊन शोधून बसायच्या. शेवटी कंपनीचा वकील म्हणाला, या मॅनेजर आहेत, कायदा यांना लागू नाही. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “आप काम क्या करती हैं?” मी पिशवीतून पुस्तक काढून पाळण्याचं चित्र दाखवलं. त्यांनी पुस्तकाची पानं उलटून पाहिली. मग वकिलाकडे वळून म्हणाले, “इन्हें सुने बिना कैसे निकाल दिया?” त्यानंतरच्या तारखेला कंपनीनं मला परत घ्यायचं कबूल केलं.

मी परत गेले. सोपं नव्हतं, जेवताना माझ्या टेबलाशी कुणी बसेना. पण हळूहळू एकेक मुलगी येऊन दबक्या आवाजात विचारायला लागली, “आपने किया कैसे?” पुढच्या हिवाळ्यात मला दुसरीकडे चांगलं काम मिळालं आणि मी राजीनामा दिला. मावशींना सांगितलं तर हसल्या. “आता खरा राजीनामा. हा तुझा.”

गेल्या थंडीत मावशींचे गुडघे फारच धरले, तेव्हा त्या लेकीकडे नाशिकला जायला निघाल्या. मी निजामुद्दीन स्टेशनवर पोचवायला गेले. धुक्यामुळे गाडी अडकली होती. वाटलं होतं, मीच एकटी असेन. पण फलाटावर त्या धुक्यातून माणसं उगवत राहिली : गणवेशातली एक नर्स, एक शिक्षक, कुंडली गावच्या कारखान्यातला कुणी फिटर. कुणी तीळगुळाची गजक आणली होती, कुणी गरम मोजे. प्रत्येकाला वाटत होतं, मावशींनी आपल्या एकट्यासाठीच एवढं केलं.

गाडी आली. मावशींनी खिडकीतून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “चलो, आपापसात ओळख करून घ्या.” गाडी धुक्यात गेली. आम्ही कुणीच घरी निघालो नाही. फिटरनं चहा सांगितला, आणि नर्स मला म्हणाली, “आप बताइए, आपके साथ क्या हुआ था?”