डाव्या पायाला काम नसलेली गाडी

पॅरालिसिसनंतर माझा डावा पाय नुसता सोबतीला उरलाय. सगळीकडे येतो, काम काही करत नाही. ते मी गिळलं. पण घराबाहेर पडायचं तर कुणाचा तरी हात धरायचा, हे काही मला गिळता आलं नाही. बायको सावलीसारखी मागे. न्हाणीघरात जरा वेळ लागला की दारावर टकटक, "बरे आहात ना?" तिचं चुकत नव्हतं, एकदा मी पडलो होतो. तरी चीड यायची. दोन वर्षं कोपऱ्यावर कॉफी प्यायलाही मी एकटा गेलो नव्हतो. मला एकदा तरी एकट्याने जायचं होतं.

तेव्हाच ती गाडी दिसली. म्हैसूरजवळ, बेळगोळच्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात चादरी-टॉवेल वाहायची इलेक्ट्रिक गाडी, बॅटऱ्या मेल्या म्हणून शेडमागे टाकलेली. क्लच नाही, गिअर नाही. पळवायचं आणि थांबवायचं, दोन्ही पेडलं उजव्या पायाला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

भंगाराच्या भावात घेतली आणि टेम्पोत घालून हूटगळ्ळीला घरी आणली. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "एक बसून आहे ते पुरे नव्हतं, दुसरं आणलंत?" असं बोलायची परवानगी फक्त तिलाच आहे.

कारखान्यात मेंटेनन्सला होतो, बॅटऱ्यांतच माझा जन्म गेला. सीट उचलली आणि कपाळावर हात मारला. दसऱ्यात आयुधपूजेला गाडी पुजायची, म्हैसुरात कोण पुजत नाही? पण त्या लोकांनी दरवर्षी आतल्या चारही बॅटऱ्या पुजल्या होत्या. टर्मिनलांवर हळदकुंकवाचे थर, त्यात वाळलेली शेवंती, वर गंज. कुंकू भरपूर, आत डिस्टिल्ड वॉटर मात्र थेंबभर नाही.

"खरवड ते," मी म्हणालो.

"अहो, कुंकू आहे." आधी तिने हात जोडले, मग खरवडलं.

मला वाकता येत नाही, म्हणून हात तिचे आणि तोंड माझं. गरम पाण्यात इडलीचा सोडा घालून ती टर्मिनलं धूत होती. झाकणं आधी घट्ट कर, हळू, तिकडे नको, असं माझं चाललेलं.

"उंटावरून शेळ्या हाकू नका. साकु." पुरे म्हणायची वेळ आली की आमच्या घरात कन्नड येतं, आणि त्यापुढे वाद नसतो.

पाणी भरून चार्जर लावला. टक् आवाज आला आणि बंद. पुन्हा तेच. हे नवे चार्जर फार शहाणे; बॅटरीत जरासुद्धा जीव दिसला नाही तर वीज द्यायलाच तयार नसतात. हिनकलच्या बॅटरीच्या दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, चारही फेका. मी काठी भिरकावली. "घाला भंगारात! मलाही घाला बरोबर." जित्याची खोड, दुसरं काय.

तिने काठी उचलून माझ्या हातात दिली. "भाजी मी आणते, औषधं मी आणते. तुम्हाला ह्या गाडीतून हवंय तरी काय?"

"एकट्याला जायचंय. तू नको, कुणीच नको."

तिचं तोंड उतरलं. ती आत गेली. आता अबोला, असं मी धरून चाललो, आणि मला फार वाईट वाटलं. थोड्या वेळाने ती धुळीने माखलेला डबा घेऊन बाहेर आली. "माळ्यावरचा हा तुमचा जुना चार्जर. कधी फेकू दिला नाहीत. हा चालेल का?"

चालणार होता. त्या जुन्याला अक्कलच नाही. समोरची बॅटरी जिवंत की मेलेली हे न बघता तो वीज ढकलत राहतो. एकेक बॅटरी सुटी करून, खिडक्या उघड्या टाकून, सावकाश चार्ज केली. बायको अधूनमधून बाजूला हात लावून तापलीय का बघायची. तीन उठल्या. चौथी नुसतीच तापत राहिली, तिच्या जागी तसलीच दुसरी जुनी आणून बसवली.

मग एका सकाळी किल्ली फिरवली. बायको शेजारी, दांडा घट्ट धरून. आवाज न करता गाडी फाटकातून बाहेर पडली. दोन घरं मागे टाकली तशी ती म्हणाली, "थांबवा."

घाबरली असेल, मला वाटलं. ती उतरली, पदर सारखा केला. "जावा. पाहिजे तिथे जाऊन या. मला कामं आहेत."

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? "ये ना," तोंडापर्यंत आलं होतं. उजवा पाय दाबला. कोपऱ्याशी पोचल्यावर आरशात बघितलं. ती रस्त्यात उभी असणार, माझ्यावर डोळे लावून, याची मला खात्री होती.

रस्ता रिकामा होता. ती घरात निघून गेली होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.