मंदामावशींचा दहावा दिवा

मंदामावशींना गोळी घालणाऱ्यांनी नंतर सॉरी म्हणून निरोप पाठवला.

सॉरी! गोळी दुसऱ्यासाठी होती म्हणे.

आज वर्ष झालं. अजून तो शब्द आठवला की किळस येते.

मावशी माझ्या नात्यातल्या नव्हेत. लॉस एंजेलिसला मी एमएस करत होतो तेव्हा त्या खालच्या मजल्यावर राहायच्या. आम्हा चार स्टुडंट्सना रविवारी हक्काने जेवायला बोलवायच्या.

समोरच्या बिल्डिंगमधली रोझा त्यांची मैत्रीण. लाँड्री रूममधली ओळख. मावशी मराठीत बोलायच्या, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघी तासभर हसायच्या.

रोझाचा मुलगा डॅनी आमच्या गल्लीच्या गँगमध्ये होता. पलीकडच्या गल्लीच्या गँगने त्याला कोपऱ्यावर गोळी घालून मारलं.

भांडण कशाचं, तर दोन ब्लॉक्स कोणाचे याचं. यांच्या बापाचे नव्हते हो ते ब्लॉक्स. सगळे भाड्याने राहत होते!

फुटपाथवर डॅनीचा फोटो, मेणबत्त्या, फुलं ठेवली गेली. मावशी रोज संध्याकाळी चार वाजता तिथे कणकेचा दिवा लावू लागल्या. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी दहा दिवस लावतात ना, तसा. वात दक्षिणेकडे.

मी चिडलो होतो. "मावशी, गुंड होता तो."

"असेल. रोझाचा मुलगाही होता ना?"

"आणि इथे दक्षिण कुठली ते तरी माहितीये?"

"समुद्र पश्चिमेला. मग दक्षिण कुठे ते शेंबडं पोरही सांगेल. इंजिनियर ना रे तू?"

नवव्या दिवशी त्यांनी वाकून दिवा लावला. एक गाडी स्लो झाली. शेजारी डॅनीचा मित्र उभा होता, त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला.

आपल्या लोकांनी शोकसभा घेतली. हॉल भरला होता. एक काका म्हणाले, "पण त्यांना तिकडे जायची गरज काय होती?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मग चहा आला आणि मी तो प्यायलो.

गोळी घालणाऱ्यांची किळस येतेच. माझीही येते.

कारण दहावा दिवा राहिला होता, आणि ते आपल्या लोकांत फक्त मला माहीत होतं. मावशी गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कणीक भिजवली होती. दिवा वळलाही होता. खिडकीतून पाहिलं तर कोपऱ्यावर गँगमधले दोघं उभे होते, हात खिशात घालून.

मी दिवा ट्रॅशमध्ये टाकला. सेमिस्टर संपल्यावर टेक्सासमध्ये अर्विंगला जॉब घेतला आणि पळालो.

काल वर्षाने परत गेलो. रोझाचं दार वाजवायची हिंमत होत नव्हती. तिनेच मला खिडकीतून पाहिलं आणि खाली आली.

मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "मंदाने मला दहा बोटं दाखवली होती. दहाव्या दिवशी तुमच्यातलं कोणी आलं नाही. मग मी लावला. तुमचं पीठ नव्हतं, टॉर्टियाचं घेतलं. चाललं असेल ना?"



तिने हाताने दाखवलं, वात कुठे केली होती ते.

बरोब्बर दक्षिणेला.

यार, ती एकटी बाई, जिचा मुलगा त्याच जागी गेला, ती त्या कोपऱ्यावर जाऊन बसली. आणि आम्ही हॉलभर माणसं चहा पीत होतो.

आज चार वाजता आम्ही दोघांनी दोन दिवे लावले, एक डॅनीसाठी, एक मावशींसाठी. कोपऱ्यावर आजही दोघं उभे होते. माझी काडी तीनदा विझली. रोझाने आडोसा धरला.

मावशी, मला वर्षभर उशीर झाला. रोझाने उशीर केला नव्हता.

निवांत जा.