अक्कांच्या पायातली चप्पल

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठणारी बाई. त्यामुळे मंडळी, हे मी लिहितेय म्हटल्यावर माझा नवरा अजून हसतोय... हसू दे.

मी धुळ्यात राहते आणि गेलेल्या माणसांची चित्रं काढते. हार घातलेला फोटो नाही हं! जे करायचं राहून गेलं, ते करताना काढते. पाचोऱ्याच्या एका कडक हेडमास्तरांना मी ढगांवर बसून पतंग उडवायला लावलंय. घरचे आधी रडतात, मग हसतात — तेवढ्यासाठीच माझा हा सगळा उद्योग.

सोनगीरहून सुनंदाचा फोन आला. तिची आई, म्हणजे अक्का, हिवाळ्यात गेली होती. वडील, नाना, तेव्हापासून धड जेवत नव्हते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने आपण पाण्याची घागर भरतो ना, तीही भरू देईनात. "घागर भरी म्हनजे ती खरंच गई!" एवढंच म्हणायचे.

"ताई, आईला झोक्याचं भारी वेड होतं. तसं काढा. नानांनी दोन घास खाल्ले तरी पुष्कळ," सुनंदा म्हणाली.

मोबाइलवरच्या फोटोवरून काढायला बसले. कडुनिंब, झोका, हिरवं लुगडं... झकास जमलं. पण उजव्या पायात माझ्या हाताने चक्क पुरुषाची चप्पल काढली! भली मोठी, अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला. डावा पाय अनवाणी. "काय हा वेडेपणा!" म्हणत मी ती पुसली, पैंजण काढायला घेतलं — पुन्हा चप्पलच. शेवटी वैतागून तशीच ठेवली.

आखाजीला चित्र घेऊन स्कूटीवर सोनगीर गाठलं. घरात आमरस, सांजोऱ्या, आणि कोपऱ्यात कोरडी घागर. नाना ओट्यावर घराकडे पाठ करून बसलेले. मी चित्र समोर धरलं आणि म्हातारा ताडकन उठला.

"हाई चप्पल मन्ही शे! लाल दोरा मीच शिवेल व्हता! तुले कोनी सांगं?"

आईशप्पथ, नानांची चप्पल माझ्या चित्रात! सुनंदा माझ्याकडे बघतेय, मी तिच्याकडे. आणि नाना हसायला लागले, अगदी पोट धरून! लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला ते बायकोला माहेरून आणायला गेले होते. तिला इतक्यात निघायचं नव्हतं. पठ्ठी त्यांच्याच चपला घालून झोक्यावर चढली, म्हणे आता न्या बघू! जोरात झोका घेतला आणि डावी चप्पल उडून थेट विहिरीत. घरी मात्र नानांनी कुत्र्याने पळवली म्हणून सांगितलं.

"कोनलेच सांगेल नही मी... लाज वाटे ना!"

मग नानांनी स्वतः घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. डोळे वाहत होते आणि हसणं थांबत नव्हतं. मीही रडले, खोटं कशाला बोलू? पुरणपोळी त्यांनी मागून घेतली.

योगायोग म्हणाल, तर त्या लाल दोऱ्याचं काय? मी खूप डोकं खाजवलं, मला काही उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर कळवा.

मी निघाले तेव्हा नानांनी ओट्यावरची आपली डावी चप्पल उचलली आणि आत नेऊन घागरीशेजारी ठेवली.

"नाना! पूजेत चप्पल?" सुनंदा ओरडली.

"राहू दे व माय. उन्हमा तिना पाय भाजतीन."